शिडी सिस्टर चौकटीत मावेना

डिंकरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असावं, कारण तिने एकदा त्या नावाच्या माणसाशी लग्न केलं होतं. बाकी गल्लीला ते ठाऊक असायचं काही कारण नाही. फार पूर्वी ते एका फोटो स्टुडिओत उमेदवारी करत होते, तेव्हा कुणाच्या तरी लग्नाची व्हिडिओ टेप यंत्राने चावून तोडली. मालक डोक्याला हात लावून बसला. ह्यांनी दोन्ही टोकं सरळ केली, नखाएवढी चिकटपट्टी लावली आणि टेप चालवून दाखवली. सांधा झकास बसला. एवढंच झालं की त्या जागी नवरा हसायला तोंड उघडतो आणि एकदम जेवायलाच बसतो. पण त्या नवऱ्याला ओळखणारे म्हणाले, यात चूक काहीच नाही, तो तसाच आहे. त्या दिवसापासून ह्यांचं नाव डिंकराव पडलं आणि पक्कं चिकटलं.

स्टुडिओ गेला, मालक गेला, डिंकराव उरले. औषधांच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे ते आता लोकांच्या चित्रफिती जोडून देतात. जिना चढताना खालून स्पिरिटचा वास येतो, वर पोचलं की तापलेल्या यंत्रांचा. टेबलावर दोन पडदे, भिंतीला जुने टेप-प्लेअर एकावर एक रचलेले आणि टेबलाखाली वायरींचा खण. तो खण ओढला की अर्ध्यात अडतो. मग आत हात घालून एखाद्या वायरीची समजूत काढावी लागते. जगात बंद पडलेल्या झाडून सगळ्या कॅमेऱ्यांची वायर त्या खणात आहे असं डिंकराव सांगतात. बायको म्हणते, "चालू कॅमेऱ्याची तेवढी नाही."

लोक काय घेऊन येतील याचा नेम नसतो. एकजण काडेपेटीएवढी टेप आणतो. दुसरा डिस्क आणतो, तिच्यावर घरात कुणीतरी वर्षभर चहाचा कप ठेवलेला असतो. तिसऱ्याच्या फोनमधली फाइल त्याच्याच फोनवर चालते, इतरत्र तोंड उघडत नाही. एका फाइलीत आवाज आहे पण चित्र नाही, दुसरीत चित्र आहे पण मौनव्रत. कुठे दोघांचा वेग जुळत नाही, मग सासूबाई बोलून मोकळ्या होतात आणि ओठ मागाहून हलतात. (सासूबाईंच्या बाबतीत हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.)

या सगळ्या गोतावळ्याला एका पंगतीत बसवायचं, हे डिंकरावांचं काम. त्यांची पद्धत ठरलेली. आलेला प्रत्येक तुकडा आधी यंत्रात घालून एकाच जातीचा, एकाच मापाचा करून घ्यायचा आणि मगच कापायला बसायचं. आणि रूपांतर झालं की मूळ तुकडा यंत्रातून पुसून टाकायचा. "एकाच तुकड्याची दोन रूपं घरात ठेवली की सवतींसारखी भांडतात," ते म्हणत. "नको तेव्हा नको ती पुढे येते." म्हणायला सोपं. त्यांना एकच बायको, आणि तीही बोलावल्याशिवाय पुढे येते.

त्यांचं वैर मात्र एकाशीच होतं. काळ्या पट्टीशी. उभ्या फोनने काढलेलं चित्र आडव्या टीव्हीवर लावलं की दोन्ही बाजूंना काळी जागा उरते. जुन्या टेपचं चित्र चौकोनी, त्यालाही उरते. एका लग्नाची फिल्म सगळ्या पाहुण्यांपुढे लावली असताना नवरीचा मामा मागून ओरडला होता, "अहो, टीव्ही पुसा जरा! कडेला काजळी धरलीय!" सगळं घर हसलं. डिंकरावही हसले, पण ते हसू त्यांच्या पोटात आजवर पचलेलं नाही. त्यांनी यंत्रातच बंदोबस्त करून टाकला. येईल ते चित्र फुगवायचं, पडदा काठोकाठ भरायचा. वरचं-खालचं थोडं बाहेर जातं, जाऊ दे. छत आणि फरशी बघायला कोण येतं?

आता शिडी सिस्टरची गोष्ट.

गल्लीच्या टोकाला बाळंतपणाचा दवाखाना आहे. म्हणजे होता. डॉक्टरीणबाई थकल्या आणि त्यांनी तो बंद करायचं ठरवलं. तिथली सिस्टर आता आपल्या धाकट्या बहिणीकडे, दूर परगावी राहायला निघाली होती. उंचीमुळे तिला शिडी म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त दोघांची होती, एक डॉक्टरीणबाई आणि दुसरं नुकतं जन्मलेलं मूल, कारण ते काय म्हणतंय ते कुणालाच कळत नाही. गल्लीतलं निम्मं जग तिच्या हातांतून आत आलं होतं. आवाज असा की बाळंतिणीपेक्षा बाहेर उभे असलेले बाप जास्त कण्हायचे. "कळा तिला येतायत की तुम्हाला? बसा खाली!"

डिंकरावांच्या लेकीचा जन्म तिच्याच हातचा. मूल आलं आणि रडेना. निळसर पडलं. दाराबाहेर डिंकराव खांद्याला कॅमेरा लटकवून उभे. बाप म्हणून नव्हे, सवय म्हणून. आतून त्यांना फक्त सिस्टरचा आवाज ऐकू येत होता, "आधी श्वास घे! श्वास घे गं बाई, मग काय रडायचं ते रड!" हे ती मुलीला सांगत होती की तिच्या आईला, ते कळायला मार्ग नव्हता. दोघींनीही ऐकलं. थोड्या वेळाने त्यांना आत घेतलं तेव्हा मूल बायकोच्या कुशीत, गुलाबी, आणि जगावर रागावलेलं. डिंकरावांनी कॅमेरा चालू केला. सिस्टर म्हणाली, "पुरे झाली शूटिंग, बाहेर व्हा." ते बाहेर झाले. आभार मानायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मानू म्हणाले. मग लेक चालायला लागली, शिकली, नोकरीला लागली, आणि दुसरा दिवस काही उजाडला नाही. सिस्टर रस्त्यात भेटली की डिंकराव घसा खाकरत आणि म्हणत, "काय सिस्टर, काय म्हणतंय ब्लडप्रेशर?" ती म्हणे, "तुझंच वाढलेलं दिसतंय. पोट आत घे."

तर सिस्टर जाणार म्हटल्यावर खालच्या औषधवाल्या काकूंनी कंबर कसली. काकू म्हणजे गल्लीचं दुसरं टपालखातं, आणि पहिल्यापेक्षा वेगवान. त्यांनी दारोदार फर्मान काढलं. ज्यांच्या ज्यांच्या घरी बाळंतपणाचा, बारशाचा, लस टोचल्याचा व्हिडिओ आहे आणि त्यात सिस्टर आहे, तो आणून द्यायचा. डिंकराव त्याची एक फिल्म करतील. निरोपाच्या संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात पडद्यावर लावू.

"आणि तुझ्या लेकीची टेपही घाल रे," काकू म्हणाल्या. "तुझ्यावर तर सगळ्यांत मोठा उपकार आहे तिचा."

"घालणारच काकू. त्यासाठीच तर करतोय," डिंकराव म्हणाले. आणि मनाशी ठरवलं, तोंडाने जे जमलं नाही ते हाताने करायचं. ही फिल्म म्हणजेच आपलं राहिलेलं 'थँक यू'.

तुकडे येऊन पडले. टेपा, डिस्का, फोन, आणि एका पेनड्राइव्हवर तर एका शिवणक्लासच्या अभ्यासक्रमाची फाइलही आली. डिंकरावांनी सवयीने सगळं यंत्रात ओतलं. रूपांतर झालं, पडदा काठोकाठ भरला, मूळ पुसलं. मग ते जोडायला बसले.

आणि बसता बसता त्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. बाळं होती. ढीगभर बाळं होती. आया, आज्या, आत्या, मावश्या, कौतुकाने ओठ बाहेर काढलेले मामा होते. कुठे बाळाखाली दोन हात दिसत, कुठे पांढऱ्या कपड्याचा पट्टा. सिस्टर कुठेच नव्हती. एकाही तुकड्यात तिचा चेहरा नव्हता.

"बघ, बघ," ते संध्याकाळी बायकोला म्हणाले. "हे आपले लोक! तिच्या हातून पोरं घेतली आणि तिला कुणी कॅमेऱ्यात घेतलं नाही. कृतघ्न मेले."

"आणि तुम्ही?" बायको म्हणाली.

डिंकरावांनी आपला तुकडा पाहिला. बायको, बाळ, बायकोमागे पांढरा कपडा. बस्स. "मीसुद्धा," ते म्हणाले, आणि पडदा बंद केला.

तरी त्यांनी फिल्म पुरी केली. चेहरा नाही तर नाही. शेवटी मोठ्या अक्षरांत 'सिस्टर, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही' असं लिहिलं आणि मागे सनईऐवजी बासरी घातली, कारण सनई ऐकली की सिस्टरच्या कपाळात दुखायचं.

निरोपाच्या आदल्या दिवशी सकाळी औषधवाल्या काकू जिना चढून आल्या. दुकान नवऱ्यावर सोडून आल्या होत्या, म्हणजे बाब गंभीर. खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, फिल्म पाहिली. पडदा काठोकाठ, रंग जुळलेले, आवाज लोण्यासारखा. संपली. काकू गप्प. काकू गप्प बसल्याचं गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे डिंकरावांना वाटलं, भारावल्या.

"छान आहे," काकू शेवटी म्हणाल्या. "पण सिस्टर कुठे आहे?"

"तुम्ही लोकांनी काढलंच नाही तिला!" डिंकरावांचा बांध फुटला. "मला काय विचारता? एकाने तरी तिच्यावर कॅमेरा फिरवला का? बाळाचं बोंडल्यासारखं नाक तेवढं काढलंय सगळ्यांनी!"

"कोण म्हणतं काढली नाही?"

"मी म्हणतो. सगळे तुकडे बघितलेत मी."

"तू बघितलेस? की तुझ्या त्या मशीनने?" काकूंनी पर्समधून फोन काढला, बोट ओलं करून सवयीने पान उलटल्यासारखा सरकवला, आणि डिंकरावांच्या नाकासमोर धरला. "ही माझी नात. आणि ही कोण वरती? तुझी आत्या?"

फोनच्या उभ्या पडद्यावर खाली पाळणा, मधे नात, आणि अगदी वर, छताला टेकलेली, दात दाखवून हसणारी शिडी सिस्टर. हातात बाळाचा एक पाय धरलेला.

डिंकराव पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या मोठ्या पडद्यावर तोच तुकडा लावला. नात होती, हात होता, पाय होता. वर नुसता पांढरा पट्टा होता.

"हे बघ," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता खाली आला होता, "माणूस मूल बघतो, म्हणून कॅमेरा मुलावर. ती पडली शिडी. मूल मधोमध आलं की ती आपोआप वरच्या कडेला. तिला चौकटीत बसवायचं तर आम्ही गच्चीवरून शूटिंग करायला हवं होतं."

"आणि मी वरची कडा..." डिंकराव म्हणाले.

"पुसली. काजळी समजून."

डिंकराव उठले, खण उघडला, तो अडला, बंद केला. यंत्रातले मूळ तुकडे त्यांनी आपल्या हाताने पुसले होते, आणि टेपा, फोन ज्याचे त्याच्या घरी परत गेले होते. उद्या संध्याकाळी सिस्टर खुर्चीत बसून आपली फिल्म बघणार होती आणि त्या फिल्ममध्ये ती सोडून सगळे होते. परवा सकाळी गाडी. ती गेली की गेली.

"काकू," ते म्हणाले, "मी सगळ्यांना कृतघ्न म्हणालो."

"मला ठाऊक आहे. बायको खाली गोळ्या घ्यायला आली होती तुझी. ते नंतर बघू." काकू उठल्या. "आधी माणसं गोळा करू."

काकूंनी कसं केलं ते विचारू नये. दुकानात सर्दीची गोळी घ्यायला आलेल्यालाही त्यांनी आधी फोन काढायला लावला म्हणतात. दुपार व्हायच्या आत जिन्यावर रांग लागली. प्रत्येक जण वर येत होता, फोन नाहीतर जुनी टेप पुढे करत होता आणि टोमणा मारत होता.

"घ्या डिंकराव. ह्या वेळी माझ्या मुलाचं डोकं राहू द्या हां, शाळेत लागतं त्याला."

"माझ्या चुलतभावाने घेतलाय हा. सिस्टर दिसते, चुलतभाऊ मात्र नाही, तेवढं बरं झालंय."

"मला कृतघ्न म्हणालात ते खरं का हो?"

डिंकराव प्रत्येकाला हात जोडत होते. त्यांनी एकही मूळ पुसलं नाही. आणि ह्या वेळी एकही चित्र फुगवलं नाही. उभं ते उभं, चौकोनी ते चौकोनी, आडवं ते आडवं. प्रत्येकाच्या कडेला होती तेवढी काळी जागा तशीच राहू दिली. आणि न कापलेल्या वरच्या कडांमध्ये एकेक करून सिस्टर दिसायला लागली. इथे हसताना, तिथे कुणाच्या आईला दटावताना, एकीकडे जांभई देताना. एका तुकड्यात ती बाळाच्या मोज्याला भोक आहे का बघत होती. केस आधी काळे, मग करडे, मग पांढरे.

शेवटी राहिली स्वतःची टेप. ती परत घरी, कपाटात, बायकोच्या शालींखाली गेली होती. बायको स्वतःच घेऊन आली, बरोबर लेकही. टेप प्लेअरमध्ये घातली. जुन्या टीव्हीवर ह्या लोकांनी ती टेप किती वेळा पाहिली असेल, पण तो टीव्हीसुद्धा चित्राच्या कडा थोड्या गिळायचा. शिवाय तेव्हा कडेकडे बघतंय कोण? सगळ्यांचे डोळे बाळाकडे.

आता पूर्ण चौकट समोर आली. मधे बायको, दमलेली, तरुण. तिच्या कुशीत गुलाबी, चिडलेलं मूल. आणि तिच्या मागे, वरच्या कडेला, सिस्टर. तिला कॅमेऱ्याचं भान नव्हतं. ती भिंतीला टेकली होती आणि बाहीने डोळे पुसत होती. एकदा पुसले. परत पुसले. मग नाक ओढलं, बाही झटकली, आणि कॅमेऱ्याकडे वळून ओरडली, "पुरे झाली शूटिंग, बाहेर व्हा."

लेकीने टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली.

"मला वाटायचं," बायको म्हणाली, "त्या दिवशी घाबरली नाही अशी एकच बाई होती तिथे."

डिंकरावांनी चष्मा काढला. पुसायला म्हणून काढला, पण पुसला नाही. "मला आठवतं ते तिचं ओरडणंच," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं. आणि माझ्याच टेपमध्ये होतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात चादर बांधली, खुर्च्या मांडल्या. सिस्टरला पहिल्या रांगेत बसवलं. मागून कुणीतरी म्हणालं की मागच्यांना काही दिसत नाही, तेव्हा ती उठून कडेच्या बाकावर जाऊन बसली, तिच्या नेहमीच्या जागी. फिल्म सुरू झाली. पडदा कधी उभा व्हायचा, कधी चौकोनी, कधी पसरायचा, आणि कडांना काळ्या पट्ट्या येत-जात होत्या.

"डिंकराव!" मागून एक आवाज आला. तो नवरीचा मामा नव्हता, पण प्रत्येक गल्लीत एक मामा असतोच. "टीव्ही पुसा हो जरा!"

डिंकराव उठले नाहीत. त्यांच्या ऐवजी लेक मागे वळली. "काका, पुसून बघितलंय आम्ही. त्यात सिस्टरच गेली. तुम्ही गप्प बसा आणि वरच्या कडेला बघा."

मग सगळे वरच्या कडेला बघायला लागले. एकेकाचं मूल येत होतं आणि त्या त्या घरातून आवाज उठत होता, "ती बघ! अगं ती बघ वर!" शेवटी शेवटी मुलांकडे कुणी बघतच नव्हतं. बाळं पडद्यावर मनसोक्त रडत होती आणि त्यांचे आईबाप वर बोट दाखवत होते. एका बाळाला हे मुळीच आवडलं नसावं, पण ते आता कॉलेजात जातं, त्याने समजून घेतलं.

शेवटचा तुकडा डिंकरावांच्या टेपचा होता. भिंतीला टेकलेली सिस्टर. बाही. डोळे. 'बाहेर व्हा' आल्यावर सगळे खळखळून हसले, कारण ते प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ऐकलं होतं. मोठ्या अक्षरांतली ओळ डिंकरावांनी काढून टाकली होती.

दिवे लागले. सिस्टर बाकावरच होती. "किती उंच आहे रे मी," ती कुणाला तरी म्हणाली. "सगळीकडे डोकं छपराला लागलंय." मग तिने डिंकरावांना बोटाने बोलावलं. ते गेले. बरोबर बायको, बरोबर लेक.

"ते शेवटचं," सिस्टर म्हणाली. "ते कशाला ठेवलंस? मी काय नेहमी रडते असं वाटेल लोकांना."

"सिस्टर," डिंकराव म्हणाले. घसा खाकरला. त्यांना ब्लडप्रेशरचं विचारायचं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्या जुन्या टेपेतल्या नवऱ्यासारखं पुढचं काहीच येईना. डोळे मात्र भरून आले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

सिस्टरने त्यांच्याकडे वरून पाहिलं. तशी ती सगळ्यांकडेच वरून बघायची, त्याला इलाज नव्हता.

"आधी श्वास घे," ती म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोल."

त्यांनी श्वास घेतला. आणि बोलले. काय बोलले ते औषधवाल्या काकूंनाही ऐकू गेलं नाही, आणि ह्याचं दुःख त्या अजून करतात. त्यांनी पाहिलं ते एवढंच की सिस्टर लेकीचं डोकं आपल्या खांद्याशी धरून उभी होती, आणि बाही जवळ असूनही ह्या वेळी तिने डोळे पुसले नाहीत.